आडवं व्हायची तालीम

बंटी : दाजी, हात छातीवर नका घेऊ. देवाघरी गेल्यासारखे दिसताय.

नवनाथ : मग ठिवू कुठं? ह्या दारावर मी मावलो हेच लई झालं. हातांची सोय तू केलीच न्हाईस.

बंटी : बाजूला सोडा. कंपनीतल्या तपासणीच्या बाकावर तरी हातांना जागा कुठे असते? म्हणून तर तुमच्या बाथरूमचं जुनं दार घेतलं. रुंदी जवळपास तीच येते.

नवनाथ : कडी टोचूलाली.

बंटी : बाकाला कडी नसते. म्हणजे उद्या तुम्हाला आजच्यापेक्षा सोपं जाणार. चला, पुढची ट्रायल. डोळे मिटा. तुम्ही एका शांत तळ्याकाठी पडलेले आहात...

नवनाथ : तळं नको. आमच्या गावच्या तळ्यात पाणी नसतंय.

बंटी : बरं, पवना धरणावर आहात. गार वारा सुटलाय. श्वास आत घ्या...

नवनाथ : उठव.

बंटी : अहो, अजून बाहेर सोडायचाय.

नवनाथ : उठव, बंटी! छातीवर कुणीतरी बसलंय!

बंटी : कुणी नाही बसलेलं, दाजी. ते तुमचंच पोट आहे. हं, हात द्या. जोर लावा. थोडा तुम्ही पण लावा.

नवनाथ : हां... हां... आता बघ. बसलं की काहीच न्हाई. म्हणशील तर पोवाडा म्हणून दाखवतो.

बंटी : पोवाडा बसून तपासत नाहीत. ईसीजी आडवं करूनच काढतात. उद्या तो माणूस छातीला पट्ट्या चिकटवणार, तारा लावणार, मग मशीन चालू करणार. तेवढा वेळ तरी पडून राहायला नको?

नवनाथ : आन त्याच्या मशीनचा कागद संपला तर? काल तसंच झालं की. मला झोपवलं आन ह्यो गेला कागद आणायला. मी आपला छताकडं बघत पडलो. आधी वाटलं पंखा बंद पडला. बघतो तर पंखा गरगर फिरूलालाय. मग वाटलं खोलीतली हवाच संपली. पर सिस्टर तर तिथंच बसून बिस्कीट खाऊलालत्या, त्यांना पुरत होती. मी उठून बसलो. त्या म्हणल्या, काका, सरळ झोपा. परत झोपलो, परत उठलो.

बंटी : आणि सांगितलं काय त्यांना?

नवनाथ : म्हणलं, घरी गॅस चालू राहिलाय. पुनावळ्याला जाऊन बंद करून येतो.

बंटी : चाकणहून?

नवनाथ : त्या म्हणल्या, जावा. उद्या गुरुवार सुट्टीच हाय, शुक्रवारी सकाळी या, बाकी सगळं झालंय.

बंटी : फुंकायची टेस्ट झाली ना?

नवनाथ : झाली. पयल्यांदा नळी सोडूनच फुंकलं, तर टेबलावरचे कागद उडाले. मग नळीत फुंकलं. बसून जरा कमी भरलं. उभं राहून फुंकलं तर बरं आलं.

बंटी : बघा! म्हणजे यंत्र बरं चालतंय. फक्त आडवं बसवलं की अडतं. दाजी, आपण व्हाय-व्हाय करू. क्वालिटीत आम्ही असंच करतो. 'का' विचारत जायचं, मूळ कारण सापडेपर्यंत. सांगा, दम का लागतो?

नवनाथ : आडवं झालो मनून.

बंटी : आडवं झाल्यावरच का?

नवनाथ : उभ्यानं लागत न्हाई मनून.

बंटी : असली उत्तरं आमच्याकडे रोज येतात. नीट ऐका, मी बघून ठेवलंय सगळं. फुप्फुसांच्या खाली एक पडदा असतो. तो खाली सरकला की हवा आत येते. तुम्ही उभे असता तेव्हा पोट खाली लोंबतं, पडद्याला वाट मिळते. आडवे झालात की तेच पोट वर सरकून पडद्याला टेकतं. गोडाऊनचं शटर तुम्ही ओढताय, आणि आतून माल रेटून उभाय. मग शटर हलणार कसं?

नवनाथ : मग माल काढावा लागंल.

बंटी : तो काढायला वर्ष लागेल. मेडिकल उद्या आहे.

नवनाथ : काल पोटाला पट्टा आवळून बघितला मी. पोट दबलं, पर दबून गेलं कुठं? वरच. डोळे बाहेर यायची पाळी आली.

बंटी : दाजी, मनाने प्रयोग नका करू. उद्याचं मेडिकल म्हणजे ऑडिट समजा. ऑडिटच्या आदल्या दिवशी आपण कंपनीत काय करतो?

नवनाथ : मी खराब माल ताडपत्रीखाली ढकलतो. मग सगळे मिळून जमिनीवरचे पिवळे पट्टे रंगवतो.

बंटी : तेच. ऑडिट ही सुधारायची गोष्ट नाही, आवरायची आहे. इतकी वर्षं तुम्ही कंत्राटी म्हणून फोर्कलिफ्ट चालवली, आता कुठे परमनंट करतायत. फक्त उद्या पास व्हा. वजनाचं नंतर बघू. आता या दाराच्या डोक्याकडच्या बाजूला मी विटा सरकवतो... हं. झोपा परत.

नवनाथ : विटा कुठून आणल्यास?

बंटी : होत्या इथेच. झोपा. कसं वाटतंय?

नवनाथ : थांब. आयला. येऊलालाय की श्वास!

बंटी : खरं?

नवनाथ : खरं रे! डोकं-छाती वर हाय ना, पोट खाली घरंगळलं बघ. बंटी, तू लई हुशार निघालास. तुझ्या बहिणीला उगंच वाटतं तू वाया गेलास.

बंटी : असं म्हणते ती? असू दे. आता ऐका. मेडिकल रूममधला निरंजन माझ्या क्रिकेट टीममधला आहे. सकाळी लवकर जाऊन तो बाकाखाली विटा लावेल. वरून हिरवी चादर लोंबती सोडेल. डॉक्टरांना कळणारसुद्धा नाही.

नवनाथ : आन मी घसरलो तर?

बंटी : म्हणून आज पायाकडे पाट लावून बघू. थांबा, कोन मोजतो.

विजयश्री : वॉशिंग मशीनखालच्या विटा कुणी काढल्या?

बंटी : ताई! तू लवकर आलीस?

विजयश्री : बालवाडी सुटायच्या वेळेलाच सुटली. मशीन तिकडे एका गुडघ्यावर बसलंय. आणि हे दार बैठकीत का? आणि दारावर हे का?

नवनाथ : योगा करूलालो.

बंटी : शवासन.

विजयश्री : आणि तू बाजूला कोनमापक घेऊन उभा?

बंटी : शवासन अचूक लागतं, ताई.

विजयश्री : बंटी, इकडे बघ. माझ्या डोळ्यांत बघ. तोंडात काय आहे?

बंटी : काही नाही.

विजयश्री : खोटं आहे. थुंक ते.

बंटी : ताई, मी बालवाडीत नाही, क्वालिटीत आहे.

विजयश्री : माझ्याकडे आले की सगळे एकाच वर्गात असतात. अहो, तुम्ही सांगा. हाताची घडी घालायची गरज नाही, नुसतं सांगा.

नवनाथ : अगं, उद्या मेडिकल हाय ना. तिथं उताणं झोपवत्यात. मला उताणं झोपून दम पुरत न्हाई. मनून हा जरा प्रॅक्टिस घेऊलाला.

विजयश्री : दम पुरत नाही? कधीपासून?

नवनाथ : दसऱ्यापासून आसंल.

विजयश्री : दसऱ्यापासून तुम्ही बाहेर खुर्चीत झोपताय. मला म्हणालात, कंबर धरलीय.

नवनाथ : कंबर मनलं की कुणी पुढं इचारत न्हाई.

विजयश्री : आणि मी समजत होते तुम्ही रुसलाय. मी एकदा म्हटलं होतं ना, घोरता का उसाचा ट्रॅक्टर चालवता.

नवनाथ : छ्या! ट्रॅक्टरचं मला कामून वाईट वाटंल? चांगलं मॉडेल हाय ते. तुझी आन पोराची झोप मोडू न्हाई, आन मला बसून बरं वाटतंय, मनून गेलो. मला वाटलं, तुला पलंग मोकळा झाला, तू खूश असशील.

विजयश्री : खूश? मी काय पलंगाशी लग्न केलंय?

बंटी : मी जरा वॉशिंग मशीन बघून येऊ?

विजयश्री : बस खाली. तुमच्या विटांच्या कारभारात मीच तेवढी बाहेरची ना? मग माझंही ऐका. खुर्चीत मान खाली पडली की तुमचा आवाज बंद होतो. घोरणं चालू असतं तोवर मी निवांत असते. ते थांबलं की मला जाग येते. श्वासच नसतो. नुसती शांतता. मग मी स्वयंपाकघरात जाते आणि पातेलं पाडते.

नवनाथ : काय पाडतीस?

विजयश्री : पातेलं. मोठं, दुधाचं. तुम्ही दचकता, एक मोठा श्वास घेता, परत घोरायला लागता. मग मी झोपते.

नवनाथ : ती भांडी तू पाडतीस?

विजयश्री : मग काय मांजर?

नवनाथ : अगं, मला वाटलं वरच्या मजल्यावरनं आवाज येतोय! मी रंगरावांशी भांडून आलो ना! म्हणलं, तुमच्या घरात माणसं राहत्यात का भांड्यांचं दुकान हाय!

विजयश्री : माहिती आहे. दुसऱ्या दिवशी मी त्यांना लाडू नेऊन दिले.

नवनाथ : तरीच त्यो बिचारा मला लिफ्टमधी बघितलं की म्हणतो, आता सगळी भांडी स्टीलची काढून प्लास्टिकची घेतलीत.

बंटी : पण ताई, तू हलवून उठवायचंस ना सरळ.

विजयश्री : उठवलं असतं तर यांना कळलं असतं, आणि कळलं असतं तर घाबरले असते. मला वाटायचं वजनाने होत असेल, उतरेल हळूहळू. दवाखान्यात चला म्हटलं की यांचं ठरलेलं, परमनंट झाल्यावर जाऊ.

नवनाथ : मी थांबतो? श्वास घ्यायचा थांबतो?

विजयश्री : हो.

नवनाथ : मला तर काहीच आठवत न्हाई.

बंटी : थांबलेलं माणसाला आठवत नसतं, दाजी. पण म्हणून तुमची झोप होत नसणार. दिवसा झापड येते का?

नवनाथ : कुणाला येत न्हाई? दुपारच्या जेवणानंतर आख्खी चाकण एमआयडीसी पेंगत असती.

विजयश्री : बंटी फोर्कलिफ्टवरचं विचारतोय.

नवनाथ : एकदा झालं.

बंटी : दाजी, कँटीनमध्ये शॉक अॅब्सॉर्बरचं पॅलेट गेलं होतं. ते तुम्ही?

नवनाथ : तुला कसं ठाव?

बंटी : सगळ्या क्वालिटीला ठाऊक आहे! आम्ही दोन शिफ्ट ते पॅलेट शोधत होतो!

नवनाथ : मला डिस्पॅचला जायचं हुतं. डोळा लागला आसंल जरासा. उघडला तर समोर कढई, आन आचारी मला म्हणूलालाय, कुठं उतरवता? मला वाटलं, असंल काहीतरी नवीन पद्धत. ठिवलं. त्यानं चलनावर सही बी केली.

बंटी : आचाऱ्याने शॉक अॅब्सॉर्बर घेतले?

नवनाथ : माल बघून कुणी न्हाई म्हणत न्हाई. दोन तर त्यानं पापडांवर वजन मनून ठिवलेते.

विजयश्री : बंटी, हसू नकोस.

बंटी : नाही हसत, ताई. त्या पापडांची तपासणी माझ्याकडे आली होती.

विजयश्री : आणि तुम्ही. डिस्पॅचच्या वाटेवरून कँटीनकडे वळलात, म्हणजे तुम्ही नेहमी सांगता त्या मधल्या बोळातून गेला असाल. तिथे माणसं असतात ना?

नवनाथ : असत्यात.

विजयश्री : त्या दिवशी होतं कुणी?

नवनाथ : सोपानराव असतो. झाडलोट करणारा. रोज त्या वेळेला बोळातच असतो, भिंतीकडं तोंड करून. त्याला एका कानानं ऐकू येत न्हाई.

बंटी : मग?

नवनाथ : त्या दिवशी नळ गळत हुता मनून तिकडं गेलता. झाडू भिंतीला टेकवून गेलता. मी परत आलो तवा झाडू मोडून पडलेला. दांडा बोटाएवढा राहिला हुता. मी त्याला नवीन झाडू आणून दिला. तो लई खूश झाला. म्हणाला, काय गरज हुती, भाऊ.

(नवनाथ दारावरून उठून खुर्चीत जाऊन बसतो.)

बंटी : हे मला आधी का नाही सांगितलंत?

नवनाथ : सांगून काय? तू वीट वाढवली असतीस.

विजयश्री : तू तरी कसला रे क्वालिटीवाला. केसाएवढा ओरखडा दिसला तर पार्ट परत पाठवतोस, आणि माणूस मात्र विटा लावून पास करतोस?

बंटी : ताई, पार्टला घराचा हप्ता नसतो. उद्या डॉक्टरांना हे सांगितलं, तर ते आधी गाडीवरून उतरवतील. झोपेची तपासणी, रात्री लावायचं श्वासाचं मशीन, नाक, घसा, सगळं सांगतील. तोवर परमनंटचं अडकून पडेल. मागे एकाचं चष्म्यावरून अडकलं होतं. अजून तो कंत्राटीच आहे. पण दिसतं त्याला छान.

विजयश्री : परमनंट करून काय करायचंय, माणूसच टेंपररी राहिला तर?

नवनाथ : विजे, असं बोलू नगं. जीव घाबरतो.

विजयश्री : घाबरू दे. इतके दिवस मी एकटीच घाबरत होते.

नवनाथ : मला परमनंट व्हायचंय गं. गावाकडं आबांना सांगून बसलोय. त्यांनी आख्ख्या आळीला सांगितलं. मी कंत्राटीच राहिलो तर दिवाळीला कुठल्या तोंडानं जाऊ?

विजयश्री : याच तोंडाने. गोल आहे, पण मला आवडतं.

बंटी : मी खरंच जाऊ का मशीन बघायला?

नवनाथ : थांब रे. बंटी, तू मघाशी सांगितलास ना ते व्हाय-व्हाय. शेवटाला काय येतंय त्यात?

बंटी : मूळ कारण.

नवनाथ : आन ते सापडलं की?

बंटी : की... खरं सांगू? फळ्यावर लिहितो आणि जेवायला जातो.

नवनाथ : म्हणजे दुरुस्त करत न्हाई.

बंटी : दुरुस्ती दुसऱ्या डिपार्टमेंटकडे असते.

नवनाथ : मी रोज गाडीत बसतो ना, तवा काटे वर उचलायच्या आधी हॉर्न देतो. नियम हाय. सोपानरावाला ऐकू येत न्हाई तरी देतो. आन त्या दिवशी हॉर्न कोण देणार हुतं? मी तर झोपलेलो. गाडी माझीच, पाय माझाच, आन मी तिथं नव्हतोच. झाडूच्या जागी तो आसता तर?

विजयश्री : नाही होता.

नवनाथ : न्हवता. पर तो नळ काय दर वेळेला गळणार हाय का?

बंटी : दाजी, मी निरंजनला विटांचं नको म्हणून सांगतो.

विजयश्री : आधीच सांगितलं होतंस?

बंटी : सांगितलं होतं. त्याने चादरसुद्धा शिवून आणलीय. लांब. खाली झालर लावलीय.

विजयश्री : अरे देवा.

बंटी : पण दाजी, ऐका. सांगणारच असाल तर बेताने सांगा. म्हणजे, 'कधीकधी, आडवं झाल्यावर, किंचित'. कँटीनचं तर बोलूच नका. पापडांचा विषय निघाला की तो वरपर्यंत जाईल.

विजयश्री : सगळं सांगायचं. मी येते उद्या बरोबर. माझ्या वर्गाला सुट्टी देते.

नवनाथ : उद्यापर्यंत थांबलो तर मी पलटी मारतो. माझं मला ठाव हाय. सकाळी कंपनीच्या बसमधी बसलो, बसून छान वाटाय लागलं, की मी म्हणणार, काय होतंय, ठिव विटा. बंटी, मेडिकल रूमचा नंबर हाय ना तुझ्याकडं?

बंटी : आज सुट्टी आहे.

नवनाथ : मेंटेनन्सवाले कामावर असत्यात. मनून सिस्टर बी असत्यात.

बंटी : हा घ्या. लागतोय बघा. दाजी, नीट विचार केलाय ना? एकदा सांगितलं की परत घेता येत नाही.

विजयश्री : बंटी, तोंडावर बोट.

नवनाथ : स्पीकरवर टाकू का?

विजयश्री : नको. तुमचं तुम्ही बोला. मी इथेच आहे.

नवनाथ : हॅलो, सिस्टर? मी नवनाथ बोलूलालो, स्टोअरचा, फोर्कलिफ्टवाला. सुट्टीच्या दिवशी तरास देतो... न्हाई, न्हाई, घाबरू नका. अपघात झाला न्हाई. व्हायच्या आधीच फोन केलाय.